उत्तरासाठी थांबणारा टीव्ही : ‘ब्लूज क्लूज’ची गोष्ट

[पडद्यावर : रिकामा स्टुडिओ. सगळीकडे निळा रंग. मधोमध हिरव्या पट्ट्यांच्या शर्टातला एक तरुण.]

न्यूयॉर्कमधला एक स्टुडिओ. वर्ष १९९६. मागे निळा पडदा, आजूबाजूला निळा रंग, आणि त्यात एकटा उभा असलेला एक नट. तो खाली वाकून कुणाशी तरी बोलतो. दचकतो. हसतो. टेबलावर मीठदाणी आहे असं समजून तिला ‘बोंझूर’ म्हणतो. त्याच्यासमोर टेबल नाही, मीठदाणी नाही आणि ज्या कुत्रीच्या मागे तो धावतोय ती कुत्रीही नाही. हे सगळं नंतर कॉम्प्युटरवर भरलं जाणार आहे.

त्याच्यासमोर एकच खरी वस्तू आहे, कॅमेरा. त्या काचेत बघून तो अशा मायेनं बोलतो, की पलीकडे बसलेल्या तीन वर्षांच्या मुलाला वाटावं, हा माझ्याशीच बोलतोय.

नटाचं नाव स्टीव्ह बर्न्स. मालिका ‘ब्लूज क्लूज’. निकलोडियन या अमेरिकन वाहिनीवर ती ८ सप्टेंबर १९९६ रोजी सुरू झाली. एक खराखुरा माणूस, बाकी सगळं कार्टून. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी टीव्हीवर जे काही झालं, त्यात मला या मालिकेइतकं विचारपूर्वक केलेलं काम क्वचितच दिसतं. ही तिची गोष्ट.

[पडद्यावर : पन्नाशीच्या दशकातला लाकडी पेटीचा टीव्ही. मुलं काचेला नाक लावून बसलेली.]

माणूस आणि कार्टून एका पडद्यावर आणायची कल्पना टीव्हीइतकीच जुनी. १९५३ मध्ये सीबीएस वाहिनीवर शनिवारी सकाळी ‘विंकी डिंक अँड यू’ लागायचं. जॅक बॅरी नावाचा निवेदक स्टुडिओत बसून विंकी डिंक या कार्टूनमधल्या मुलाशी बोलायचा. विंकी डिंक नदीपाशी येऊन अडला, की घरातल्या मुलांनी त्याच्यासाठी पूल काढायचा. कुठे? थेट टीव्हीवर. ५० सेंट टपालानं पाठवले की एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद आणि खडू घरी यायचे. कागद काचेवर घासून चिकटवायचा आणि त्यावर रेघ ओढायची. ज्यांच्या घरी कागद नव्हता त्यांनी सरळ काचेवरच पूल काढले, आणि आईबापांनी डोक्याला हात लावला. १९५७ मध्ये कार्यक्रम बंद झाला. पण मुलाला नुसतं बघत बसवायचं नाही, त्याला गोष्टीत हात घालू द्यायचा, हे कुणाला तरी तेव्हाच सुचलं होतं.

पुढचा मोठा टप्पा म्हणजे ‘सेसमी स्ट्रीट’. जोन गँझ कूनी यांनी उभा केलेला हा कार्यक्रम नोव्हेंबर १९६९ मध्ये सुरू झाला. माणसं, बाहुल्या, अक्षरांची छोटी कार्टून, सगळंच त्यात होतं. त्यातलं संशोधनाचं काम एड पामर बघायचे, आणि त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. टीव्हीवर कार्यक्रम लावायचा आणि शेजारीच एक स्लाइड प्रोजेक्टर ठेवायचा. दर साडेसात सेकंदांनी त्यावर नवं चित्र. आता मूल कुणाकडे बघतं? टीव्हीवरून नजर हटली, की त्या क्षणी कार्यक्रम कंटाळवाणा झाला अशी नोंद.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, १९६९ च्या उन्हाळ्यात, फिलाडेल्फियाच्या मुलांना नमुन्याचे भाग दाखवले, तेव्हा घोळ लक्षात आला. बालमानसशास्त्राच्या तज्ज्ञांनी बजावलं होतं, की खरं आणि काल्पनिक एकत्र आणू नका, मुलं गोंधळतील. म्हणून रस्त्यावरच्या प्रसंगात फक्त माणसं ठेवली होती. बाहुल्या वेगळ्या. रस्ता आला, की मुलांच्या नजरा भिंतींवर फिरायला लागायच्या. शेवटी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून बाहुल्यांना रस्त्यावर आणलं. बिग बर्ड नावाचा आठ फुटी पिवळा पक्षी माणसांच्या गराड्यात उभा राहिला. मुलं अजिबात गोंधळली नाहीत.

[पडद्यावर : एक खोली, जमिनीवर खेळणी, कोपऱ्यात टीव्ही.]

एक समजूत मात्र टिकून राहिली. लहान मुलाचं लक्ष फार टिकत नाही, म्हणून तुकडे छोटे हवेत, चित्र पटापट बदलायला हवं.

या समजुतीला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डॅनियल अँडरसन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धक्का दिला. पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला नुसता टीव्ही, दुसऱ्याला टीव्ही आणि भरपूर खेळणी. खेळणी नव्हती त्या मुलांनी ८७ टक्के वेळ पडद्याकडे बघितलं. खेळणी होती त्यांनी ४७ टक्के. नंतर प्रश्न विचारले, तर दोन्ही गटांना कार्यक्रम सारखाच कळला होता! खेळता खेळता मुलं नेमकी महत्त्वाच्या ठिकाणी मान वर करत होती.

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी कार्यक्रमातल्या प्रसंगांचा क्रम विस्कटला, बोलणं परक्या भाषेत केलं. चित्रं तीच, हालचाल तीच. मुलांनी बघणं सोडलं. म्हणजे मूल टीव्हीकडे बघतं ते चित्र हलतं म्हणून, हे पुरेसं खरं नव्हतं. कळत असेल तर ते बघतं. कळेनासं झालं की मान फिरवतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला अर्थाची भूक असते, हे या माणसांनी मोजून दाखवलं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

[पडद्यावर : रंगीत कागदाचे कपटे, कात्री, कापडाचा तुकडा, चिकणमातीचा गोळा.]

नव्वदीच्या दशकात निकलोडियनला लहान मुलांसाठी नवी मालिका हवी होती, तेव्हा अँडरसन त्यांचा सल्लागार होता. मालिका घडवली तिघांनी. टॉड केसलर ‘सेसमी स्ट्रीट’वर काम करून आलेला, आणि तिथल्या तुकड्या-तुकड्यांच्या मांडणीवर नाराज. अँजेला सँटोमेरो निकलोडियनच्या संशोधन विभागातली, बालविकासाचं मानसशास्त्र शिकलेली. आणि ट्रेसी पेज जॉन्सन, चित्रकार.

त्यांनी ठरवलं, अख्ख्या भागात एकच गोष्ट सांगायची. ब्लू ही निळ्या रंगाची छोटी कुत्री. तिला काहीतरी हवंय, पण ते ती सांगत नाही. घरात तीन वस्तूंवर ती आपल्या पंजाचा ठसा उमटवते. स्टीव्ह ते ठसे शोधतो, वहीत त्या वस्तूंची चित्रं काढतो आणि शेवटी लाल खुर्चीत बसून विचार करतो : या तीन गोष्टी एकत्र केल्या तर ब्लूला काय हवं असेल?

मूळ बेतात ब्लू मांजर होती. वाहिनीवर मांजराचा दुसरा कार्यक्रम होता म्हणून ती कुत्री झाली. ती माणसासारखं बोलत नाही, भुंकते. तो आवाज चित्रकार ट्रेसी जॉन्सनचाच.

ब्लूच्या घराकडे नीट बघा. कागद कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं सगळं दिसतं. ते तसंच केलेलं आहे. कागद, कापड, माती अशा हाताला लागणाऱ्या वस्तूंपासून आकार तयार करायचे, त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर न्यायचे आणि साध्या मॅकिंटॉश यंत्रांवर त्यांना हालचाल द्यायची. त्या काळात टीव्ही मालिकेसाठी ही पद्धत नवीन होती. पण मला त्यातलं मोठेपण तंत्रात दिसत नाही. बालवाडीतलं मूल स्वतः जे कापतं, चिकटवतं, त्याच जगात एक मोठा माणूस राहायला आलाय. ते जग मुलाच्या ओळखीचं आहे आणि त्यातला पाहुणा मोठा माणूस आहे!

[पडद्यावर : स्टीव्ह कॅमेऱ्याकडे बघतोय. मागे, त्याच्या खांद्यापाशी, पंजाचा निळा ठसा.]

आता मुख्य गोष्ट. स्टीव्ह प्रश्न विचारतो. ‘ठसा कुठे आहे? तुला दिसला?’ आणि थांबतो.

किती थांबतो, हे मोठ्यांनी पहिल्यांदा बघितलं की त्यांना चुळबुळ होते. टीव्हीवर शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, अशी आपली सवय. पण मुलाला प्रश्न ऐकायचा असतो, चित्रात शोधायचं असतं, शब्द जुळवायचे असतात आणि मग तोंड उघडायचं असतं. त्याला जितका वेळ लागतो तितका वेळ मालिकेनं दिला. आपल्याकडे आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवंडांना ‘हुं’ म्हणावं लागतं. हुंकार आला नाही तर गोष्ट पुढे जात नाही. स्टीव्हचं थांबणं त्याच जातीचं आहे.

शांततेनंतर पडद्यामागून मुलांचे आवाज येतात, ‘तिकडे! तिकडे बघ!’ त्यामुळे घरात एकट्या बसलेल्या मुलाला सोबत मिळते. आणि स्टीव्ह? तो भलतीकडेच बघतो. ठसा त्याच्या पाठीमागे असतो, मुलाला दिसलेला असतो, यालाच दिसत नाही. दिवसभर मोठ्यांकडून शिकवून घेणारं मूल इथे एका मोठ्या माणसाला शिकवतं. ते सोफ्यावर उभं राहून ओरडतं. हे करायला खरा माणूसच लागतो. कार्टूनमधल्या कुत्रीला मदत करणं गंमतीचं असतं, पण डोळ्यांत डोळे घालून बघणाऱ्या माणसाला मदत केली की छाती फुगते.

हा माणूसही मुलांनीच निवडला असं म्हणायला हरकत नाही. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना स्टीव्ह फारसा पसंत नव्हता. चाचणीत मुलांनी मात्र त्याला उत्तरं दिली, आणि तिथेच निकाल लागला.

चाचणी तर प्रत्येक भागाची व्हायची, तीही प्रसारणाआधी तीन वेळा. संशोधक बालवाड्यांमध्ये, पाळणाघरांमध्ये जायचे. भाग तयार होण्याआधी गोष्ट चित्रांच्या वहीतून वाचून दाखवायची आणि मुलं कुठे अडतात ते टिपायचं. कोडं फार सोपं झालं तर बदल, फार अवघड झालं तरी बदल. पहिला ठसा मिळाल्यावर लगेच उत्तर कळता कामा नये, आणि तिसऱ्या ठशाला दोन वर्षांचं मूल मागे पडता कामा नये, अशी ती तारेवरची कसरत.

आणि मग एक निर्णय, ज्याला दुसऱ्या कुठल्याही वाहिनीनं वेड्यात काढलं असतं. एकच भाग सोमवार ते शुक्रवार, रोज. मुलांना कंटाळा येईल? अँडरसन, सँटोमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाही अभ्यास केला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच भाग पुन्हा पुन्हा बघताना मुलांना तो अधिक कळत गेला, आणि त्यांचं बोलणं, बोट दाखवणं वाढत गेलं. सोमवारी मूल गोष्ट समजून घेतं. शुक्रवारपर्यंत ते तिचं मालक झालेलं असतं. झोपताना रोज तेच पुस्तक मागणाऱ्या मुलाचे आईबाप हे प्रयोगाशिवायही सांगतील.

[पडद्यावर : तेच कागदी घर, त्यात वेगवेगळ्या देशांतले निवेदक.]

या रचनेचा एक फायदा व्यवहाराचाही होता. घर कार्टूनचं, माणूस वेगळा चित्रित केलेला. मग माणूस बदलता येतो. ब्रिटनमध्ये त्याच घरात केव्हिन दुआला राहायला आला, दक्षिण कोरियातही तिथलाच निवेदक घेतला. ब्लू तीच, मीठदाणी तीच, पण मुलाशी बोलणारा त्याच्या देशातला. नुसतं डबिंग करून हे साधत नाही.

स्टीव्ह २००२ मध्ये मालिकेतून बाहेर पडला. गोष्टीत तो कॉलेजला जातो आणि त्याचा भाऊ ज्यो घरात येतो. ती भूमिका डोनोव्हन पॅटननं केली. निरोप घाईघाईनं उरकला नाही. ज्यो आधी पाहुणा म्हणून आला, रुळला, मग स्टीव्ह गेला. बाहेर मात्र स्टीव्ह बर्न्सच्या मृत्यूच्या अफवा पसरल्या होत्या. पुढे अनेक वर्षांनी त्यानं मुलाखतींतून सांगितलं, की त्या काळात त्याला नैराश्याचा आजार होता आणि त्याचं निदानही झालं नव्हतं. निळ्या खोलीत एकट्यानं, दिसत नसलेल्या मुलांकडे बघून रोज हसणारा हा माणूस कशातून जात होता, हे कळल्यावर जुने भाग मी वेगळ्या नजरेनं बघते.

मूळ मालिका २००६ मध्ये संपली. २०१९ मध्ये ती ‘ब्लूज क्लूज अँड यू’ या नावानं परत आली. या वेळी निवेदक होता जॉश डेला क्रूझ, फिलिपिनी वंशाचा अमेरिकन. सप्टेंबर २०२१ मध्ये, मालिकेला २५ वर्षं झाली तेव्हा, स्टीव्ह जुन्याच पट्ट्यांच्या शर्टात कॅमेऱ्यासमोर आला आणि एकेकाळच्या मुलांशी बोलला. मी अचानक निघून गेलो, तुम्ही मोठे झालात, नोकऱ्या, कुटुंबं, कर्ज, सगळं आलं. मी तुम्हाला विसरलो नाही. असा साधारण आशय. मधेच तो बोलायचा थांबायचा, समोरच्याला बोलू द्यायचा. तिशीतल्या माणसांनी तो व्हिडिओ रडत बघितला आणि तसं लिहूनही टाकलं.

[पडद्यावर : सोफ्यावर मूल आणि आई. टीव्ही आपल्याला दिसत नाही.]

आज फोनवर लहान मुलांसाठी जे येतं त्यातलं बरंचसं थांबत नाही. एक चित्र संपायच्या आत दुसरं, एक गाणं संपायच्या आत पुढचं. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो व्हिडिओच देऊन टाकतो. त्यात वाईट हेतू असेल असं मी म्हणत नाही, पण तिथे मुलाची कुणाला गरज नाही, आणि हे मला खुपतं.

तुमच्या घरी तीन-चार वर्षांचं मूल असेल, तर ‘ब्लूज क्लूज’चा एखादा जुना भाग लावून त्याच्या शेजारी बसा. इंग्रजी फार कळत नसेल तर स्टीव्हचा प्रश्न मराठीत सांगा. उद्या तोच भाग पुन्हा लावा. आणि ठसा तुम्हाला आधी दिसला तरी बोट दाखवू नका. स्टीव्ह थांबलाय तोवर तुम्हीही थांबा.