मले साऱ्या गावानं निवडून देल्लं

मंडळी, राम राम. कापसाचा दुसरा वेचा चालू असेल, तर हातचं काम थांबवू नका. वेचता वेचता ऐका.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शेजारच्या गावी एका आजीनं विचारलं, "बावा, नालीचा पैसा गेला कुठं?" सरपंच बसल्या जागेवरून म्हणाले, "मले साऱ्या गावानं निवडून देल्लं. मले इचारनं म्हंजे गावालेच इचारनं." टाळ्या पडल्या. आजी खाली बसली.

थेट जनतेतून सरपंच 2017 मध्ये आला, 2020 मध्ये गेला, 2022 मध्ये परत आला. मला पद्धत पटते. सदस्यच सरपंच निवडायचे तेव्हा अविश्वास ठरावाच्या आधी सदस्यांना सहलीला पळवायचं, ते आपण कमी पाहिलं का? पण थेट निवडून आलेल्याला वाटू लागतं, सदस्य एकेका वॉर्डाचे, मी अख्ख्या गावाचा. म्हणजे गाव मीच.

युरोपातल्या हंगेरी देशात विक्टर ओर्बान या नेत्यानं असंच केलं. 2010 मध्ये निवडणूक रीतसर जिंकली, दोन तृतीयांश जागा मिळाल्या. मग संविधान नवं, निवडणुकीचे नियम नवे. 2014 मध्ये तर उघड सांगितलं, उदारमतवादी नसलेलं राज्य उभारतोय. विचारलं की एकच उत्तर: लोकांनी निवडलंय.

आणि लोकांचा राग खोटा नसतो. सोयाबीन हमीभावाच्या खाली जातं, कचेरीत कुणी ओळख देत नाही, तेव्हा "मी तुमचाच" म्हणणारा गोड लागतो. मलाही लागला होता. मत दिलं म्हणजे कारभार दिला, सातबारा नावावर करून दिला नाही, हे तेव्हा सुचत नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते.

आपल्याच गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात निर्णय सर्वसहमतीनं होतात. एकाचं जरी पटलं नाही, तरी चर्चा पुढे चालू राहते. वेळखाऊ काम आहे, कटकटीचंही. पण तिथं आजीला खाली बसावं लागलं नसतं.

आता 26 जानेवारीची ग्रामसभा येतेय. आजीनं नातवाकडून अर्ज लिहून घेतलाय. दिवाळीत पाहिला तेव्हा खाली एक अंगठा होता. परवा गेलो तर अकरा.