परकराची नाडी

श्रोतेहो, नमस्कार. सोनोग्राफीच्या कागदावर ‘अंडाशयात गाठ’ असं दिसलं की बाई तिथंच खचते. तासगाव, कवठेमहांकाळकडून मिरजेला येणाऱ्या कितीतरी जणी एसटीत बसल्यापासून रडत आलेल्या असतात. मी आधी एवढंच विचारते, पाळी चालू आहे का?

कारण पाळी चालू असताना अंडाशयात दर महिन्याला बीज धरतं, त्याभोवती पाण्याची बारीक पिशवी असते. कधीकधी ती फुटत नाही, वाढत राहते. पाच सेंटिमीटरपर्यंतची अशी साधी गाठ बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. डरमॉइड नावाच्या गाठीत तर केस, चरबी, कधी दातही सापडतात. कुणाची करणी नव्हे ती. बीजाच्या पेशीतच शरीराचा कुठलाही भाग घडवण्याची ताकद असते. अशी गाठही बहुतेक वेळा साधीच निघते. मात्र गाठ असलेलं अंडाशय पिळवटलं तर एकाएकी जीवघेणी कळ येते, उलट्या होतात. तेव्हा सकाळची वाट बघू नका.

कॅन्सरची शंका येते ती गाठीत भरीव भाग किंवा कोंबासारखी वाढ दिसली, पोटात पाणी झालं, की. सीए-१२५ ही रक्ततपासणी करतात, ३५ च्या वर आकडा गेला की घरात रडारड. पण पोटाच्या क्षयात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं त्या आजारात, अगदी पाळीच्या दिवसांतही तो वाढतो. आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मलही येऊ शकतो. शंकास्पद गाठीत सुई घालून पाणी काढून घेऊ नका. आतल्या पेशी पोटात सांडू शकतात.

मला खरी काळजी वाटते पन्नाशी-साठीच्या बायांची. दोन घास खाल्ले की पोट भरतं, सारखं लघवीला जावं लागतं, पोट डब्ब. ही अंडाशयाच्या कॅन्सरची खूण असू शकते. घरचे म्हणतात, पित्त झालंय, ओवा खा. परकराची नाडी सैल बांधावी लागते आणि हात मात्र वाळत जातात. “माझी गर्भाची पिशवी काढलीय, मला काय होणार?” असंही त्या सांगतात. अहो, पिशवी काढताना अंडाशयं पुष्कळदा तशीच ठेवलेली असतात!

तेव्हा लेकींनो, सुनांनो, आज जेवताना आईला, सासूबाईंना विचारा, नाडी सैल करावी लागतेय का? दोन-तीन आठवडे असं चाललं असेल तर सोनोग्राफी करून घ्या. आणि आई-बहिणीला, मावशी-आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी ते सांगा.