स्टिकरची कड का फाटते?

(दृश्य: प्रिंटर-कटरमधून सरकत बाहेर येणारं व्हिनाईल. मग अगदी जवळून ब्लेडचा होल्डर.)

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या आसपास रेडियमचं एक तरी दुकान असतंच. पूर्वी तिथे नंबरप्लेटच्या कामावर दिवस निघायचा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या उच्च सुरक्षा नंबरप्लेट घेऊनच येऊ लागल्या आणि ते काम आटत गेलं. आता अशा दुकानांत लेबलं होतात. मसाल्याची पाकिटं, लोणच्याच्या बरण्या, काकवीच्या बाटल्या, गणपती मंडळाची बोधचिन्हं. छापणारं आणि कापणारं यंत्र एकच. आधी व्हिनाईलच्या, म्हणजे मागे कागद लावलेल्या चिकट प्लास्टिकच्या रोलवर रंग, मग त्याच रोलवर ब्लेड.

छपाई झकास येते. घोटाळा कापताना होतो. गोल लेबलाच्या कडेला बारीक दाते पडतात, टोकदार कोपरे गोलसर होतात, आजूबाजूचं व्हिनाईल सोलताना त्याच्याबरोबर अक्षरही उठून येतं. बचत गटाच्या ताई संध्याकाळी लेबलं न्यायला येणार असतात, आणि रोल तर कचऱ्यात गेलेला असतो.

(दृश्य: पॅनलवर दाबाचा आकडा वाढवणारं बोट.)

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी दाबाच्या बटणाकडे जातो. कापत नाही ना, मग वाढवा दाब! ही सवय मोडावी, एवढ्याचसाठी हा माहितीपट. बोथट ब्लेड व्हिनाईल कापत नाही, ओढतं. दाब वाढवला की ते आणखी जोरात ओढतं. शिवाय व्हिनाईलखालचा कागद चिरतो, त्याखाली यंत्रावर चिकटवलेली पट्टीही कापली जाते. दोष होता एक, झाले तीन.

बटणाला हात लावण्याआधी कड नीट बघा. ती कुठे बिघडली आहे? सगळीकडे, की फक्त कोपऱ्यांवर? रोलच्या एकाच पट्ट्यात, की काम लांबत गेल्यावर? दुरुस्ती कुठे करायची, ते यावरूनच कळतं.

लेबलांसाठी वापरलं जाणारं साधं व्हिनाईल ७० ते १०० मायक्रॉन जाड असतं, कास्ट नावाचं पातळ व्हिनाईल ५० च्या आसपास. म्हणजे जास्तीत जास्त मिलिमीटरचा दहावा भाग. ब्लेडने तेवढंच कापायचं, खालच्या कागदावर फक्त हलका ओरखडा उठला पाहिजे. धंद्यात याला हाफ कट म्हणतात. होल्डरमधून ब्लेडचं टोक जेमतेम दिसावं, नखाला टोचण्यापुरतं. लेबल सोलल्यावर कागद उलटा करून त्यावर बोट फिरवा. मागच्या बाजूला रेघ उठलेली लागली, तर ब्लेड जास्त बाहेर आलं आहे.

(दृश्य: टेस्ट कट. एक गोल, त्याच्या आत चौकोन. दुकानातला शिकाऊ मुलगा चिमट्याने गोल सोलतो.)

अनेक यंत्रांत टेस्ट कट असा निघतो. आधी गोल सोलायचा. आतला चौकोन जागेवर राहिला, तर जमलं.

"दादा, गोलाबरोबर चौकोनपण आला."

"मग खालपर्यंत कापलंच नाही. दाब नको वाढवूस. आधी होल्डर काढ."

(दृश्य: उघडलेला होल्डर. भिंगातून ब्लेडचं टोक.)

हा होल्डर उघडून बघण्यासारखा असतो. ब्लेडच्या टोकाला व्हिनाईलचा पिवळा तुकडा चिकटला आहे, त्याभोवती वाळलेला गोंद आणि कागदाचा भुगा. हे ब्लेड जाग्यावर घट्ट बसवलेलं नसतं. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं खुर्ची ढकलू त्या दिशेला आपोआप वळतं, तसं ते बेअरिंगमध्ये फिरतं आणि रेषेमागे जातं. आत भुगा अडकला की ब्लेड वळायला उशीर करतं, आणि वळणावर व्हिनाईल फाटतं. होल्डर पुसून घ्या, बेअरिंगला पातळ तेलाचा एखादाच थेंब द्या आणि ब्लेड बोटाने फिरवून बघा. ते न अडखळता फिरलं पाहिजे. भिंगाखाली टोक तुटलेलं दिसलं, तर मात्र ते ब्लेड टाकूनच द्या. तुटलेल्या टोकापुढे कुठलंही सेटिंग चालत नाही. साध्या व्हिनाईलला ४५ अंशांचं ब्लेड, जाड किंवा रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे उजेडात चमकणाऱ्या मालाला ६० अंशांचं.

फक्त कोपरेच बिघडत असतील, तर ऑफसेट तपासा. ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यावर नसतं, किंचित बाजूला असतं. बऱ्याच ब्लेडचं हे अंतर ०.२५ मिलिमीटर असतं. यंत्राला तोच आकडा दिलेला हवा. तो चुकला की चौकोनाचे कोपरे गोलसर होतात किंवा कोपऱ्याबाहेर शेपटी निघते, आणि गोलाची दोन टोकं जुळत नाहीत. ब्लेड दुसऱ्या कंपनीचं घातलं आणि आकडा जुनाच ठेवला, असं फार ठिकाणी होतं.

(दृश्य: ब्लेडखालची पांढरी पट्टी. तिच्यावर खोल चरे.)

आणि ही पट्टी. ब्लेड जिथून जातं तिथे, व्हिनाईलच्या खाली, ती चिकटवलेली असते. छोटी कामं यंत्राच्या एकाच बाजूला लागतात, म्हणून चरे पडतात तेही त्याच बाजूला. चऱ्यावर व्हिनाईलला खालून आधार मिळत नाही, ते दबतं आणि कड दातेरी होते. रोलच्या एकाच पट्ट्यात कट खराब येत असेल, तर आधी इथे बघा. जुनी पट्टी सोला, गोंद पूर्ण पुसा, नवी पट्टी न ताणता चिकटवा. स्वस्तातली दुरुस्ती आहे. तरीही कित्येक दुकानांत पट्टी बदलणं कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि दोष ब्लेडवर जातो.

सुरुवातीची लेबलं ठीक आणि पुढे पुढे कट सरकत गेला, तर रोल बघा. तो ताणलेला नसावा, पुढे थोडा सैल सोडलेला असावा. दाबणारी रबरी चाकं खालच्या खरखरीत रोलरच्या बरोबर वर बसलेली हवीत.

छापून कापण्याच्या कामात आणखी एक अडचण असते, नुसत्या प्लॉटरला, म्हणजे फक्त कापणाऱ्या यंत्राला, ती माहीत नसते. इको-सॉल्व्हंट, म्हणजे सौम्य द्रावकाची शाई व्हिनाईलमध्ये मुरते आणि त्याला मऊ करते. गडद लाल, काळा असे भरलेले रंग असतील तर जास्तच. ते ओलं असतानाच ब्लेड फिरलं की कडा फाटतात आणि वर वळतात. घाईच्या दिवशी छापल्या छापल्या कापायचा मोह होतो, कारण यंत्र ते करू शकतं. पण छापलेला माल सैल ठेवून वाळू द्यायला हवा. लॅमिनेशन करायचं असेल तर त्याआधी साधारण २४ तास. मग रोल परत लावायचा, लेबलांबरोबरच छापलेल्या जागेच्या खुणा यंत्राच्या सेन्सरने वाचल्या की कट जागेवर येतो.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर अक्षरं: श्री तुळजाभवानी प्रसन्न.)

यंत्र ठणठणीत आहे, ब्लेड नवं आहे, तरीही अक्षरं तुटतात. असं झालं की फाइल उघडायची. देवनागरीत हे फार घडतं. आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ती सलग दिसते. पण कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह केल्यावर, म्हणजे मजकुराच्या रेषा केल्यावर, प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी राहते, आणि ब्लेड प्रत्येक बाह्यरेषेवरून फिरतं. 'भवानी'च्या शिरोरेषेत भ आणि व यांच्यामध्ये आडवा छेद जातो. सोलताना तिथेच अक्षर तुटतं. यावर उपाय म्हणजे वेल्ड, एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करणारी सोय. सगळी अक्षरं निवडून वेल्ड केली की शिरोरेषा खरोखर एक होते.

मोबाईलवर आलेल्या अंधुक फोटोवरून ट्रेस केलेलं, म्हणजे सॉफ्टवेअरने रेषांत उतरवलेलं बोधचिन्हही असंच सतावतं. त्याच्या एका वळणावर बिंदूंची रांगच लागलेली असते, आणि प्रत्येक बिंदूपाशी ब्लेड अडखळतं. बिंदू कमी करा, वळण गुळगुळीत करा. बारीक अक्षरांना वेगही कमी ठेवा, विशेषतः अनुस्वारांना, कारण सोलताना ते सगळ्यात आधी उडतात.

फाइल पाठवण्याआधी पडद्यावर वायरफ्रेम लावून बघा. रंग जाऊन नुसत्या रेषा उरतात, म्हणजे ब्लेडला जे दिसणार तेच. शिरोरेषेत एकही आडवी रेघ नसेल, तर टेस्ट कट घ्या आणि कामाला लागा.