जरा दम खाऊ दे की त्याला

मंडळी, पत्रिकेत 'रोबोट' छापलंय, म्हणून पुढं इतकी पोरं बसलेली दिसतायत. पण 'नमस्कार सातारकर' म्हणणारा यंत्रमानव मी आणलेला नाही. या टबात आहे ती सिलिकॉनची मऊ वाटी, मधोमध एक छोटी मोटर. जेलीफिशची नक्कल.

जेलीफिश म्हटलं की समुद्र आठवतो. पण गोड्या पाण्यातलं जेलीफिश आपल्या पश्चिम घाटातही आहे. ते शंकर पुरुषोत्तम आघारकरांना सापडलं आणि १९१२ साली 'नेचर'मध्ये त्यावर छापून आलं. पुण्याची आघारकर संस्था त्यांच्याच नावाची.

या जीवाला मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही. अंगात सुमारे ९५ टक्के पाणी, आणि मज्जातंतूंचं एक जाळं तेवढं. छत्रीसारखं अंग आवळायचं, पाणी मागं लोटायचं, सैल सोडायचं. मला वाटलं, किती सोपं!

महिना नुसता तरंगण्यात गेला. पुरणाच्या पातेल्यात सिलिकॉन ओतलं (ते पातेलं परत चुलीवर चढलं नाही). हौदात सोडलं की तळ गाठायचं, थर्मोकोल खोचला की बुचासारखं वर यायचं. शेवटी एक वॉशर कानशीनं घासत बसलो. घास, सोड, बघ, परत घास. एका संध्याकाळी ते पाण्यात मधोमध थांबलं, वर नाही की खाली नाही. कंदी पेढे आणले त्या दिवशी!

मग पळवायची घाई. ठोके वाढवत नेले, तर जागच्या जागी पाणी घुसळायला लागलं. आई धुणं घेऊन आली, हौदात डोकावली आणि म्हणाली, "अरे, हे धापा का टाकतंय? जरा दम खाऊ दे की त्याला."

मी हसलो, आणि नंतर वाचलं तेव्हा गप्प झालो. खरं जेलीफिश आवळून सैल होतं, तेव्हा त्याच्या पोटाखाली पाण्याचा कड्यासारखा भोवरा तयार होतो आणि तोच त्याला पुढं ढकलतो. स्नायूंची काही मेहनत नाही. २०१३ साली ब्रॅड जेमेल आणि सहकाऱ्यांनी चंद्र-जेलीफिशवर हे मोजलं: दर ठोक्याला जवळजवळ ३० टक्के जास्तीचं अंतर या फुकटच्या ढकलण्यातून मिळतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये थांबायला जागाच नव्हती.

दुसरी चूक त्याहून मोठी. माझी मोटर वाटी मिटवायची आणि उघडायचीही. जेलीफिशचे स्नायू फक्त आवळतात. उघडणं त्या लवचीक अंगाचं काम. मग एक दांडी काढून टाकली, मासेमारीचा दोरा लावला. आता मोटर ओढते, सिलिकॉन आपसूक उघडतं. बॅटरीही जास्त पुरते.

२०१२ साली अमेरिकेत सिलिकॉनच्या पापुद्र्यावर उंदराच्या हृदयाच्या पेशी वाढवून असंच पोहणारं जेलीफिश केलं होतं. विजेचा ठोका दिला की ते हलायचं. माझी मजल दोऱ्यापर्यंतच.

हे कास तलावात सोडणार का, असं मघाशी एकानं विचारलं. नाही हो. ते आपलं प्यायचं पाणी, तिथं सिलिकॉनचे तुकडे कशाला?

आता कुणीतरी पंखा बंद करा, पाणी हलतंय. पोरांनो, पुढं या. टबाला रेलू नका. एक ठोका पडला की श्वास धरा आणि पुढच्या ठोक्याआधी ते कुठवर सरकतं, त्यावर नजर ठेवा.