स्वस्त झालेला चहा आणि बॉस्टनचे बंदर

श्रोतेहो, नमस्कार. कर वाढला की लोक चिडतात, यात नवल नाही. पण १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनकरांनी ३४२ पेट्या चहा समुद्रात लोटला, तेव्हा तो चहा उलट स्वस्त झालेला होता.

सात वर्षांच्या युद्धाने कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनने अमेरिकी वसाहतींवर १७६५ मध्ये मुद्रांक कर लादला. खरेदीखत, परवाना, वर्तमानपत्र, इतकेच काय, पत्त्यांचा जोडही त्यातून सुटला नाही. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिला आमच्यावर कर बसवण्याचा अधिकारच नाही, असे वसाहतींचे म्हणणे होते. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला आणि १७६६ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. मात्र वसाहतींसाठी हवा तो कायदा करण्याचा आपला हक्क पार्लमेंटने त्याच दिवशी ठासून सांगितला. पुढे १७६७ मध्ये बसवलेले बहुतेक कर १७७० मध्ये उठले, तरी चहावरचा एक पौंड वजनामागे तीन पेन्सांचा कर राहिला, तो या हक्काची खूण म्हणूनच.

इकडे बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, हाती असूनही ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती आणि तिच्या लंडनच्या गोदामांत चिनी चहा पडून होता. तो थेट अमेरिकेत विकण्याची मुभा १७७३ च्या कायद्याने दिली. त्यामुळे कर धरूनही तो चोरट्या डच चहापेक्षा स्वस्त पडणार होता. चोरटा चहा विकणाऱ्यांचे पोट यामुळे दुखले, हे खरेच. पण केवळ त्यांच्यासाठी सारे गाव सभेला लोटले नसते. स्वस्ताईच्या मोहाने एकदा कर भरला, की हक्क मान्य केल्यासारखे होईल, हे लोकांनी ओळखले होते.

माल उतरला की कर लागू होणार, आणि जहाजांना परत जाऊ देण्यास गव्हर्नर तयार नव्हता. तेव्हा मोहॉक आदिवासींचा वेश घेतलेल्या मंडळींनी कुऱ्हाडींनी पेट्या फोडल्या. ओहोटीमुळे पाणी उथळ होते, म्हणून साचलेले ढीगही लोटावे लागले. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरला, तर सोबत्यांनीच त्याला लाथा घातल्या.

ब्रिटनने १७७४ मध्ये बंदर बंद केले. महसुलासाठी वसाहतींवर कर न बसवण्याचा कायदा पार्लमेंटने १७७८ मध्ये केला खरा. पण तोवर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला जवळजवळ तीन वर्षे होत आली होती.