पोकलेन लावायच्या आधी पाऊस बघा

मंडळी, विषय ठरलाय ‘शेततळ्यात पाणी येतं कुठून’, आणि मला दिलेला निम्मा वेळ सत्कारातच गेला. नारळ मात्र चांगला पाणीदार निघणार असं वजनावरून वाटतंय.

आधी मशीनचं बोलतो, कारण मशीन आलं की भल्याभल्यांचं भान सुटतं. 2019 ला जेसीबीची खुदाई बघणाऱ्या गर्दीवरून मीम फिरले, सगळे हसले, पण खरं सांगा, शेजारच्या रानात पोकलेन उतरलं तर तुमच्यातला कोण घरी थांबतो? बघा, मागच्या रांगेतले आत्ताच हसायला लागले.

माझ्या मेव्हण्याकडे, सिन्नरच्या बाजूला, हेच झालं. भर मे महिना, मशीन तासावर ठरवलेलं, ऑपरेटर म्हणजे विशीतलं पोरगं, कानात गाणी, त्याने विचारलं दादा कुठं खांदायचं, आणि मेव्हण्याने ज्या कोपऱ्यात काही पिकत नाही तिकडं हात केला. झालं! तेवढ्यात अर्धा गाव जमला. एक म्हणतो अजून रुंद घ्या, दुसरा म्हणतो मुरूम चांगलाय, दोन ट्रॉल्या मला द्या, तिसरा नुसताच तंबाखू मळतोय, आणि सगळ्यांना चहा पाजायचा मेव्हण्याने, तिकडे मशीनचा तास चालूच. ट्रॅक्टरचं भाडं नको म्हणून निघालेली माती जवळच टाकायची ठरलं, आणि ऑपरेटरला बूम, म्हणजे मशीनचा हात, कमी फिरवायला लागावा म्हणून ती पडली नेमकी वरच्या अंगाला. पुरुषभर उंच ढीग, सगळे खूश, पेढे वाटले.

जूनमध्ये पाऊस आला, वरच्या रानातलं पाणी झकास वाहत आलं, ढिगाला थडकलं, वळलं आणि शेजाऱ्याच्या कांद्याच्या रोपात घुसलं. पुढचं भांडण सांगत नाही, दोघंही नातेवाईक आहेत आणि एकजण इथे बसलाय. त्या पोराचा काय दोष? त्याला खड्ड्याचे पैसे, पाण्याचे कोण देतंय?

आता हिशोब ऐका, संयोजक घड्याळ दाखवतायत. 2016 ला ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना आली, तेव्हा 50 हजारांपर्यंत अनुदान होतं, लोकांनी धडाधड तळी घेतली, चांगलंच झालं. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल, बाजूला दीडास एकचा उतार, म्हणजे मीटरभर खाली गेलं की दीड मीटर आत, की तळ्यात मावतं 1971 घनमीटर, म्हणजे वीस लाख लिटरला थोडं कमी. आणि 500 मिलिमीटर पाऊस थेट तळ्यावर पडला तर साडेचार लाख लिटर. पाव तळंसुद्धा नाही! बाकीचं वाहूनच आलं पाहिजे. ते आलं नाही की लोक काय करतात, बोअरची मोटर चालू करून तळं भरतात, पाणी मुरू नये म्हणून खाली प्लास्टिक असतंच, आणि फोटो टाकतात जलसंधारण म्हणून. अहो, जमिनीच्या पोटात सावलीला असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवलंत! एप्रिल-मे मध्ये दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडतं धरा, भरल्या तळ्यातून रोजचे 9 हजार लिटर गेले, वर वीजबिल तुमचं आणि शेजारची विहीर आटली ती वेगळीच. याला शेततळं म्हणायला माझी हरकत आहे, कुणाला राग आला तर येऊ दे.

तर भराभर सांगतो. एक पावसाळा छत्री घेऊन रानात फिरा, पाणी कुठून येतं तिथे खुंट्या ठोका, मग मशीन बोलवा. माती खालच्या अंगाला, काठापासून मीटरभर तरी लांब, नाहीतर तीच परत आत येते. पाणी आत येतं तिथे आधी गाळ बसायला छोटा खड्डा, आणि जादा पाणी बाहेर जायला सांडवा ठेवाच ठेवा. काळ्या रानात पाऊस पडल्यावर मशीन घालू नका, रुतलं तर काढायला दुसरं लागतं. आणि प्लास्टिक टाकलं तर कुंपण करा, गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा, त्या ओल्या प्लास्टिकवरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, पोरं गेलीत अशी. मासे पाळायचं राहिलं, ते जेवताना विचारा.