मचाणावरची कन्याळ

[कुडाळ तालुका, जुलै महिना. कौलांवरून पागोळ्या गळतायत. आत मचाणावर शेळ्या रवंथ करत बसल्यात.]

बाहेर चार दिवस झड लागलेली आहे. तरी या शेळ्यांच्या खुरांना चिखल नाही. कोकणात शेळी पाळायची, तर निम्मं काम तिला जमिनीवरून वर उचलण्याचंच असतं.

ही कोकण कन्याळ. सिंधुदुर्गातली, मटणासाठी पाळली जाणारी जात. काळं अंग, तोंडावर दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे आणि पांढऱ्या कडांचे लांब कान. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यातल्या निळेलीच्या प्रक्षेत्रावर हिची जोपासना केली. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस तिच्या अंगवळणी पडलाय. घाटावरची शेळी मे महिन्यात आणून थेट या पावसात ठेवली, तर ती खोकायला लागते. पण बसायची जागाच ओली असेल, तर कन्याळही टिकत नाही.

[मचाणाचा तळ. फटीतून लेंड्या खाली पडताना.]

दहा शेळ्या, एक बोकड आणि त्यांची करडं, एवढ्यांना १० बाय २० फुटांचं मचाण पुरतं. मोठ्या शेळीला १० ते १२ चौरस फूट, बोकडाला २०. उंची किमान ३ फूट हवी. खाली वाकून झाडता आलं नाही, तर कोणी झाडत नाही.

फळीऐवजी इथे पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, रिपा आहेत. खोड उभं चिरलं की आतला भाग मऊ, भुसभुशीत निघतो. तो कोयत्याने तासून टाकायचा. राहिला तर मूत पितो आणि रीप आतून कुजते. वरून धड दिसते, आणि एक दिवस शेळीचा पाय आरपार जातो. दोन रिपांमधली फट दीड ते दोन सेंटिमीटर. त्याहून कमी ठेवली तर लेंड्या अडकतात, जास्त ठेवली तर खूर. करडांचा कोपरा वेगळा, तिथे फट एक सेंटिमीटरच.

पश्चिम आणि दक्षिण बाजूला झावळ्यांचे झाप, कारण झड तिकडून येते. वर मात्र फूटभर जागा उघडी. ताडपत्रीने चारही बाजू बंद करणं ही नेहमीची चूक. मुताचा वास आत कोंडतो आणि न्यूमोनिया होतो. गोठ्यात शिरल्यावर आपले डोळे चुरचुरले, की हवा कमी पडतेय असं समजावं.

[फणसाच्या डहाळ्या दोरीला टांगलेल्या.]

पाला टांगूनच द्यायचा. खाली पडून तुडवलेल्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. फणस, उंबर, शेवरी, जे बांधावर असेल ते. पहिल्या पावसाचं कोवळं गवत ओलं घातलं की पोट फुगतं, म्हणून ते आधी सुकवायचं. भाताच्या पेंढ्यावर शेळीचं मन नसतं. तिच्यासाठी कुळथाचा आणि वालाचा भुसा उन्हाळ्यातच भरून ठेवतात. आणि लग्नघरचा उरलेला भात, कितीही जीव हळहळला तरी, टोपलीभर घालायचा नाही. पोटात आम्ल होऊन एका रात्रीत शेळी आडवी होते.

[हात शेळीची खालची पापणी अंगठ्याने ओढतो.]

आतली त्वचा लालसर असेल तर ठीक. पांढरट दिसली, तर पोटातले जंत रक्त पितायत असा संशय घ्यायचा. या जंतांची पिल्लं सकाळी ओल्या गवताच्या पात्यांवर चढलेली असतात, म्हणून चरायला सोडायचं ते पाती सुकल्यावर. जंताचं औषध काट्यावर वजन करून द्यायचं. अंदाजाने कमी दिलं, तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन शेळी दगावते त्या रोगाची, लस पावसाआधी मे महिन्यात, आणि पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा.

[स्वतंत्र कुडात बांधलेला बोकड.]

शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. फेब्रुवारीत लागली तर जुलैत विते, म्हणजे नेमकी ऐन झडीत. म्हणून जानेवारी ते एप्रिल बोकड वेगळा बांधायचा. मे-जूनमध्ये सोडला की करडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. तेव्हा ऊन असतं, पालाही हिरवा असतो.

करडू पडलं की नाळेला आयोडीन, आणि तासाभरात चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध. दोन किलोच्या करडाला दिवसभरात २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. त्यासाठी वार (जार) पडायची वाट बघत बसायचं नाही.